दुधाच्या टँकरमधलं पाणी

आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून माझी सकाळ तिच्या हातापासून सुरू व्हायची. चहा ठेवायच्या आधी मी तिच्या डाव्या मनगटाच्या जरा वर दोन बोटं टेकवायचे. ऑपरेशन करून तिथं शीर जोडलेली होती आणि कातडीखाली सारखी एक थरथर लागायची, मांजर मांडीत घुरघुरतं तशी. थरथर लागली की मशीन लावता येणार. ती कधी बंद पडेल याचा नेम नसतो असं डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं, पण मला ते रोज आठवायचं.

आई माझ्याकडे राजारामपुरीत राहायची. मी एका खासगी डेअरीच्या ऑफिसात हिशेब बघते. नवरा आजऱ्याला शाळेत शिक्षक, शनिवारी घरी येणार. थोरला भाऊ पुण्यात. आईच्या दुखण्यातले मोठे निर्णय दादा फोनवरून घ्यायचा आणि धावपळ मी करायची, अशी वाटणी आमच्यात कुणी न बोलता ठरून गेली होती. मला ती सोयीची होती, हेही खरं. काही चुकलं तर निदान मी ठरवलेलं नव्हतं, एवढं तरी म्हणता यायचं.

सोमवारी आणि गुरुवारी आईचं डायलिसिस असायचं. महापूर आला त्या आठवड्यात सोमवारचं पार पडलं. मंगळवारी पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शहराला पाणी पुरवणारे पंप बुडाले आणि नळ कोरडे पडले. आमची गल्ली उंचावर, त्यामुळे घराला धोका नव्हता. पण शिरोलीजवळ हायवे बंद, पन्हाळ्याचा रस्ता बंद, पेट्रोलला रांग, दुकानात पाण्याची बाटली मिळेना. कॉलनीतले लोक पागोळीखाली बादल्या लावून भांड्यांना पाणी धरत होते. नवऱ्याचा फोन आला की एसटी बंद आहे, तो तिकडेच राहतोय.

बुधवारी मी सेंटरला फोन केला. उद्याचं नक्की ना, म्हणून विचारलं. पलीकडून टेक्निशियन म्हणाला, "ताई, आजच सगळ्यांना परत पाठवलंय. पाणीच नाही. उद्या सकाळी फोन करून मग निघा."

माझ्या डोक्यात तोपर्यंत पिण्याच्या पाण्याचीच चिंता होती. डायलिसिसला पाणी लागतं, एकेका पेशंटला पिंपभर लागतं, ते आधी मोठ्या संचातून शुद्ध करून मग मशीनला जातं, हे मी वर्षभर डोळ्यांनी बघत होते. तरी नळ कोरडा झाल्यावर ते मशीनही थांबणार, हे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दादाला फोन लावला.

"तू काळजी करू नको," दादा म्हणाला. "माझ्या ओळखी आहेत तिथं. मी बघतो."

गुरुवारी दिवसभर दादा बघत होता. एका माणसानं दुसऱ्याचं नाव दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. टँकर निघालाय, असं दुपारी कळलं. संध्याकाळी कळलं की तो दुसऱ्याच हॉस्पिटलकडे गेला. मी शहरातल्या आणखी दोन सेंटरना फोन केले. एकाकडे पाणी नव्हतं, दुसऱ्याकडे त्यांचेच पेशंट तिष्ठत होते. पेशंटच्या नातेवाइकांचा मोबाईलवर ग्रुप होता. त्यावर दिवसभर एकच वाक्य वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं होतं, कुणीतरी काहीतरी करा. मीही लिहिलं होतं.

आईचे पाय गुरुवारी सुजले. संध्याकाळी डोळ्यांखाली सूज आली. आडवं झालं की तिला धाप लागायला लागली, म्हणून मी पाठीमागे उशा लावून तिला बसवलं. तिला दिवसाला एक फुलपात्रभर पाणी प्यायची परवानगी होती, ते मी निम्म्यावर आणलं. ती ओठ ओले करून फुलपात्र परत द्यायची आणि माझ्याकडे बघायची. विचारायची मात्र काही नाही.

शुक्रवारी सकाळी मी सेंटरला फोन केलाच नाही. रिक्षा मिळाली तशी आईला घेऊन थेट गेले. घरात बसून तिच्या श्वासाकडे कान लावून राहणं मला झेपत नव्हतं.

माझ्यासारखे बरेच जण आले होते. हॉस्पिटल छोटं, तळमजल्यावर चार मशीनचा हॉल, बाहेर बाकं. किडनीचे डॉक्टर नदीपलीकडे राहायला, ते तिकडेच अडकलेले, फोनवर होते. इथं फक्त टेक्निशियन आणि एक सिस्टर. टेक्निशियन पस्तिशीचा असेल, सगळे त्याला सर म्हणायचे. दोन दिवस तो घरी गेलेला नव्हता, हे त्याच्या शर्टावरून दिसत होतं.

"टँकरसाठी नाव दिलंय," तो प्रत्येकाला सांगत होता. "आमचा नंबर यायचाय."

"आज येईल?"

"ते मला कसं कळणार?"

बाकावर आईच्या शेजारी बिद्रीकडची एक बाई बसली होती. सोमवार-गुरुवारी तिचं आणि आईचं मशीन लागून असायचं, दोघींची चांगली ओळख झाली होती. तिचा नवरा शेतकरी, दांडगा माणूस, आवाज मोठा. गावाकडचा रस्ता बंद झाल्यावर ते दोघं पाचगावला तिच्या बहिणीकडे येऊन राहिले होते. तो मला म्हणाला, "तुमचा भाऊ काय म्हंतोय?"

"बोलतोय कुणाकुणाशी."

"आमचा पुतण्या बी बोलतोय. ह्यांचा जावई बी बोलतोय." त्यानं बाकावरच्या लोकांकडे हात केला. "समदी बोलाय लागल्यात. पानी कोण आणतंय?"

रागानं बोलला तो. माझ्यावर नव्हता राग. पण मला एकदम दिसलं की त्या कॉरिडॉरमध्ये जेवढे लोक होते, तेवढ्या सगळ्यांचं ओळखी लावणारं माणूस दुसरीकडे कुठंतरी होतं, आणि सगळे त्याच्या फोनची वाट बघत होते. आईच्या घशातून श्वासाबरोबर बारीक आवाज येत होता. मी उठून टेक्निशियनकडे गेले.

"पाणी मी आणलं तर मशीन लावाल?"

तो थांबला. "कुठलं आणणार?"

"मिळेल तिथलं."

"मिळेल तिथलं चालत नाही ताई. क्षार जास्त असले तर आमचा संच तासाभरात बसेल. आणि पाण्यात काही असलं तर ते सरळ रक्ताशी जातं. मला आधी तपासायला आणा. चाललं तर डॉक्टरांना विचारून लावतो."

मागच्या रस्त्याला गाड्या धुण्याचं सेंटर होतं, त्यांची बोअर होती. मी बाटली घेऊन पळत गेले. मालकानं विचारलंही नाही, भरून दिली. टेक्निशियननं काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषध घातलं. पाणी लाल झालं. मग दुसऱ्या बाटलीतलं एकेक थेंब टाकत गेला. जितक्या कमी थेंबांत लाल निळं होईल तितके क्षार कमी. तो थेंब टाकत राहिला आणि मी त्या नळीकडे बघत राहिले. लाल काही जाईना. शेवटी त्यानं नळी बेसिनमध्ये रिकामी केली.

"नाही चालणार. फार जड आहे."

टेक्निशियन माझ्याकडे न बघता हात पुसत होता. तेवढ्यात त्याची नजर शेतकऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या कॅनकडे गेली. "हे कुठलं पाणी?"

"मेव्हणीच्या हिरीचं. प्यायला आणलंय."

"द्या बघू."

तिसऱ्या की चौथ्या थेंबाला नळी निळी झाली. टेक्निशियननं परत एकदा करून बघितलं. दुसऱ्याही वेळी तसंच. मग आणखी एकदोन तपासण्या केल्या, डॉक्टरांना फोन लावला, कोपऱ्यात जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, "चालेल म्हणतायत. पण भांडं स्वच्छ पाहिजे. पाण्याचे टँकर कशाकशाला वापरतात, मला भरवसा नाही. आणि टँकर तरी कुठं शिल्लक आहे?"

शिल्लक होता. मला माहीत होता. रस्ते बंद असल्यानं गावोगावचं दूध येत नव्हतं आणि आमच्या डेअरीच्या आवारात दुधाचा टँकर चार दिवस जागेवर उभा होता.

आईला बिद्रीच्या बाईजवळ सोडून मी निघाले. "हिला बघा हं," म्हटलं, तर ती स्वतः भिंतीला टेकून बसलेली, सुजलेला हात उचलून म्हणाली, "जावा तुम्ही. आमी दोगी बसतो की हितं." शेतकऱ्यानं मला मोटरसायकलवर मागे बसवलं.

डेअरीच्या ऑफिसात आमचे मॅनेजर साहेब एकटेच होते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अहो, मला नाही म्हणायचं नाहीय. पण टँकर दुधाशिवाय कशाला काढायचा म्हणजे मालकांना विचारायला पाहिजे. ते सांगलीत अडकलेत. फोन लागत नाहीय."

"परत लावून बघा."

त्यांनी लावला. लागला नाही. परत लावला. घड्याळाचा काटा पुढे सरकताना मला दिसत होता.

"साहेब, मी नेते टँकर. तुम्ही हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. विचारलं तर मी नेला म्हणून सांगा."

"तुमची नोकरी जाईल."

"बघू."

हे मी कसं बोलले कोण जाणे. मी ऑफिसात आवाज न करणारी बाई. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मी ते उत्तर समजून बाहेर पडले.

टँकरचे ड्रायव्हर वयस्कर, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते केबिनमध्ये पाय वर घेऊन बसले होते. मी सांगितलं तसे खाली उतरले.

"सायबांनी सांगितलंय?"

"नाही. मी सांगतेय. काही झालं तर माझं नाव घ्या."

"नाव घ्यून काय व्हतंय ताई, गाडी माझ्या हातात. दोगांची बी जाईल." त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आईसायब कशा हैत?"

"श्वास घेता येत नाहीय, मामा."

ते टाकी धुवायचा पाइप ओढून आणायला गेले.

दुधाचा टँकर धुवायला सोडा वापरतात, तो कणभर राहिला तरी उपयोग नव्हता. डेअरीच्या टाकीत शिल्लक होतं तेवढं पाणी घालून मामांनी टाकी आतून दोनदा खंगाळली. प्रयोगशाळेतल्या मुलीनं शेवटचं पाणी सोडा तपासायच्या कागदावर घेऊन बघितलं आणि मान हलवली. मी तो कागद तिच्याकडून मागून घेऊन स्वतः बघितला. मला त्यातलं फार कळत नव्हतं, तरी बघितला. या पाण्याला आता मी जबाबदार होते. आई सोडून आणखी किती जणांच्या रक्ताशी ते जाणार होतं. एखाद्याला काही झालं तर डॉक्टर म्हणतील, टेक्निशियन म्हणतील, पाणी त्या बाईनं आणलं.

पाचगावच्या चढाला रस्त्यावर म्हशीच म्हशी होत्या. खालच्या गावांतून लोकांनी जनावरं वर आणली होती, पाव्हण्यांच्या, ओळखीच्यांच्या दारात बांधली होती. पाऊस सुरूच होता. शेतकरी मोटरसायकलवरून पुढे रस्ता दाखवत होता, मामा त्याच्यामागे हॉर्न न वाजवता सावकाश काढत होते आणि मला सीटवर बसवत नव्हतं.

मेव्हणी दारातच उभी होती. "न्या की, लागंल तेवढं न्या," म्हणाली. विहीर काठोकाठ भरलेली, वाकून तांब्यानं घ्यावं इतकं वर पाणी आलेलं. पण वीज नव्हती. मोटर चालणार कशी? सकाळपासून गेलीय, येईल आता, असं ती म्हणाली. आम्ही गोठ्याच्या पत्र्याखाली उभे राहिलो.

तेवढ्यात टेक्निशियनचा फोन आला. "ताई, आईंना ऑक्सिजन लावलाय. घाबरू नका. पण किती वेळ लागेल?"

"वीज नाहीय इथं."

फोनवर मागून कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं, ते आईचं आहे का ते मी ओळखायचा प्रयत्न करत होते. मला परत जायचं होतं. तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं, हात धरायचा होता. शेतकरी म्हणाला, "जावा तुम्ही कुणाच्या तरी गाडीवरनं, मी थांबतो." मी दोन पावलं गेलेही. मग वाटलं, मी तिथं जाऊन काय करणार? हात धरून बसेन आणि पाण्याची वाट बघेन.

मी मेव्हणीला विचारलं, "डिझेलचं इंजिन आहे का इथं कुणाकडे?"

तिनं पदर तोंडाशी नेला. "हाय. वरच्या वस्तीवर. पर आमच्यात बोलणं न्हाय. बांधावरनं वाद हाय, लई वर्सं झाली."

"मी जाते."

वरच्या वस्तीवर एक म्हातारा पडवीत बसला होता. मी चिखलानं भरलेली, पदर डोक्यावर, त्याला काय वाटलं असेल. मी सांगितलं, पेशंट आहेत, मशीनला पाणी पाहिजे, इंजिन तासाभरासाठी द्या.

"कुठल्या हिरीवर लावणार?"

मी सांगितलं.

"तिला इंजिन पायजे व्हय? मग तिनं यायला पायजे."

"तिला नकोय, मला पाहिजे. माझी आई आहे तिथं."

"तुमी पावण्या हैसा. तुमाला कशाला न्हाय म्हनू? पर माझं इंजिन तिच्या हिरीत पाइप सोडणार. तिनं एक शबूद बोलाय पायजे."

मला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते माहीत नाही. पण मागे वळून बघते तर मेव्हणी बांधावर येऊन उभी. भिजत, हातात चप्पल. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माजी भन मराय लागलीया तिकडं. इंजिन द्या."

म्हाताऱ्यानं आतल्या लोकांना हाक मारली. इंजिन काढलं, दोघांनी उचलून आणलं. त्यात डिझेल नव्हतं. मामांनी टँकरच्या डिझेलच्या टाकीत नळी घातली, तोंडानं ओढलं, थुंकले, आणि कॅन भरून दिला. इंजिन दोनदा धुराचा लोट सोडून गप्प झालं. तिसऱ्यांदा लागलं. पाइपातून पाणी टाकीत पडल्याचा आवाज आला तेव्हा शेतकरी डोळे पुसत होता, मीही. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पहिलं पाणी मामांनी परत सोडून दिलं, म्हणजे टाकी आतून पुन्हा एकदा धुतली गेली, मग ती भरली. येताना मी सारखी मोबाईल बघत होते. वाजला नाही, याचा अर्थ चांगला की वाईट ते ठरवता येईना.

सेंटरवर टेक्निशियननं टँकरमधलं पाणी परत तपासलं. मग हॉस्पिटलच्या तळाच्या टाकीत सोडलं. संच सुरू झाला. बाकावरचे लोक उठून उभे राहिले. मी हॉलच्या दारातून आईकडे धावले. ती कॉटवर टेकून बसली होती, नाकाला ऑक्सिजन, ओठ निळसर.

"आलं का पाणी?"

"आलं आई."

"मग चल."

मी टेक्निशियनकडे वळले. त्यानं फोनवरून डॉक्टरांनी सांगितलेला क्रम मला सांगितला. सगळ्यांना चारऐवजी दोनच तास. आधी एक रिक्षावाला, त्याच्या छातीचे ठोके चुकत होते. मग बिद्रीची बाई. मग आणखी दोघं. आई दुसऱ्या फेरीत.

एक गृहस्थ मागून म्हणाले, "अहो, ह्यांनी पाणी आणलं. ह्यांच्या आईला घ्या की आधी." आणखी दोघांनी माना डोलावल्या. टेक्निशियननं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं असतं तर त्यानं घेतलंही असतं, असं मला अजून वाटतं. पाणी पुरेल की नाही, दोन तासांत आईचं काय होईल, वीज जाईल का, जनरेटर टिकेल का, सगळं एकदम डोक्यात आलं. रिक्षावाला समोरच होता. त्याची बायको त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

"डॉक्टरांनी सांगितलंय तसं घ्या," मी म्हटलं.

आईला जाऊन सांगितलं, थोड्या वेळानं तुझा नंबर. तिनं माझ्याकडे बघितलं. "माझी लेक ना गं तू?" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत राग होता. मरणाची भीती होती आणि राग होता. मी तिच्या पायाशी बसले आणि तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. पुढचे दोन तास ती माझ्याशी बोलली नाही. मी मधूनमधून उठून तळाच्या टाकीवरचं झाकण उचलून पाणी किती राहिलंय ते बघून यायचे. सिस्टर म्हणाली, "सारखं बघून पाणी वाढतंय होय?" तरी जायचे.

पाणी पुरलं. आईला मशीन लागलं तेव्हा मी भिंतीशी उभी होते. तिच्या शरीरातून पाणी खेचलं जायला लागलं, आणि हळूहळू श्वासातला तो बारीक आवाज गेला. कधी गेला ते मला कळलं नाही. सिस्टरनं ऑक्सिजनची नळी काढली तेव्हा समजलं. आई झोपली होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा परत पाचगावला गेलो. त्या दिवशी वीज होती. रविवारी मी गेलेच नाही, शेतकरी आणि मामाच जाऊन आले. सोमवारी पालिकेचा टँकर आला.

सगळं चांगलं झालं असं मात्र नाही. आमच्या सेंटरला शिरोळकडचे एक निवृत्त मास्तर यायचे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या मुलाचा मला फोन आला होता. पाणी आलंय ना, मग आम्हाला बोट मिळवून द्या, आमच्या गावाला वेढा पडलाय. मला पाणी मिळालं म्हणजे बोटही मिळेल असं त्याला वाटलं असावं. मी रात्रभर नियंत्रण कक्षाला फोन लावत राहिले. लागला, पत्ता दिला, त्यांनी घेतला. बोट शनिवारी दुपारी पोचली. मास्तर त्याच्या आधीच गेले होते. मुलानंच फोन करून सांगितलं, वर "तुम्ही प्रयत्न केला," असंही म्हणाला. मी पाण्याला हात घातला नसता तर त्यानं मला फोन केला नसता, आणि मग हे ओझंही माझ्याकडे आलं नसतं, असा एक विचार मनात आला. त्याची मला लाज वाटली, पण आला होता.

हायवे सुरू झाल्यावर दादा आला. गाडीच्या डिकीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचून आणली होती. तोवर आमच्या गल्लीत गढूळ का होईना, नळाला पाणी यायला लागलं होतं. त्यानं खोकी उतरवून स्वयंपाकघरात रचली आणि तिथंच उभा राहिला.

"मला सांगायचंस तरी, टँकर नेताना."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"थांब म्हणालो असतो. मी कुणाशी तरी बोलतो म्हणालो असतो." मग आईच्या खोलीकडे बघून हळूच म्हणाला, "मला तिकडे झोप लागत नव्हती गं." ते मला माहीतच होतं. वाट बघणं त्यालाही सोपं गेलेलं नव्हतं.

डेअरीच्या मालकांनी मला आणि मामांना बोलावून घेतलं. टँकर कुणाच्या परवानगीनं बाहेर काढला, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या. साहेब शेजारी उभे होते. ते म्हणाले, मी अडवलं नाही, त्यामुळे माझ्याही. मालक बराच वेळ बोलले, नियम समजावले, पुन्हा असं करायचं नाही म्हणाले. नोकरी दोघांचीही राहिली. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "पुन्हा न्हाय म्हंजे पुढच्या पुरापर्यंत न्हाय, काय?" मला हसू आलं नाही. पुढच्या पुराचा विचार मी तेव्हापासूनच करत होते.

आई त्यानंतर दोन वर्षं होती. त्या शुक्रवारबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. बिद्रीची बाई घरी आली होती, दोघी गप्पा मारत होत्या. मी चहा घेऊन गेले तर आई तिला म्हणत होती, "हिनं तुम्हाला माझ्या आधी बसवलं हो." तक्रार होती की कौतुक, ते तिच्या आवाजावरून मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

आता सेंटरमध्ये माझं कुणी नाही. तरीही जुलै लागला आणि पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की टेक्निशियनचा फोन येतो. यंदाही आला. "ताई, सहज केला फोन. सध्या आमच्याकडे पाणी आहे. पण म्हटलं..."

"मेव्हणीशी बोललेय मी," मी म्हटलं. "विहीर भरलीय. इंजिन तिनं स्वतःचं घेतलंय आता. मामा रिटायर झालेत, नव्या ड्रायव्हरला मी सांगून ठेवलंय. साहेबांनाही."

"मग ठीक आहे."

फोन ठेवून मी गॅलरीत आले. पाऊस लागला होता. मी परत फोन उचलला आणि डिझेलचं विचारायचं राहिलं होतं म्हणून पाचगावला लावला.